हौशी कल्पनेला आकड्यांनी उत्तर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळपईच्या एका बारावीतल्या विद्यार्थ्याने अणुसंमीलन भट्टीची, म्हणजे फ्यूजन रिअॅक्टरची, स्वतःची कल्पना आपल्या दैनिकातील पत्रातून मांडली होती. नंतर त्यावर दोन पत्रे आली. एकात ‘आधी अभ्यास पुरा कर, हे काम शास्त्रज्ञांचे आहे’ असा सल्ला होता. दुसऱ्यात कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्राचा दाखला देत ‘दुसरे कैगा नको’ असा विरोध होता. कैगाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. तिथे युरेनियमच्या केंद्रकाचे विखंडन होते आणि या मुलाच्या चित्रात जड हायड्रोजनची, म्हणजे ड्यूटेरियमची, केंद्रके एकत्र येतात. दोन्हींचे धोके वेगळे आहेत आणि ते वेगवेगळेच मोजायला हवेत. पहिला सल्ला मात्र मला फार खटकला. हायर सेकंडरीत भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. मुलाच्या कल्पनेतली एकही गोष्ट न तपासता त्याला परत पाठवणे मला पटत नाही.

या विषयाच्या इतिहासातच याचे मोठे उदाहरण आहे. १९५० साली सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकाला, सखालिन बेटावर, ओलेग लाव्हरेंत्येव नावाचा एक सार्जंट होता. महायुद्धामुळे सुटलेली शाळा त्याने रात्रशाळेत पुरी केली होती. पदरचे पैसे घालून तो भौतिकशास्त्राचे नियतकालिक मागवत असे. त्याने थेट पक्षाच्या केंद्रीय समितीला टिपण धाडले : हायड्रोजनची केंद्रके उच्च दाबाच्या विद्युत क्षेत्रात, गोलाकार जाळ्यांच्या साहाय्याने कोंडून ठेवता येतील आणि त्यातून ऊर्जा मिळवता येईल. ते टिपण भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांच्याकडे अभिप्रायासाठी आले. साखारोव यांनी ते नीट वाचले. लेखकाने अतिशय महत्त्वाचा आणि निराशाजनक नसलेला प्रश्न हाताळला आहे, असे त्यांनी लिहिले आणि नेमकी अडचणही दाखवली. वेगाने येणारी केंद्रके जाळीच्या तारांवर आदळणार, त्याचे काय करायचे? त्याच विचारात त्यांना चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, भिंतीपासून दूर ठेवण्याची कल्पना सुचली. इगोर टाम यांच्यासह त्यांनी ती पुढे नेली आणि तिच्यातून टोकामॅक हे कंकणाकृती यंत्र जन्माला आले. लाव्हरेंत्येवची जाळी काही वीज देऊ शकली नाही, पण तो स्वतः मॉस्को विद्यापीठात शिकला आणि पुढे खारकीवमध्ये प्लाझ्माचा संशोधक म्हणून जगला. साखारोव यांनी त्याचे श्रेय कधी नाकारले नाही.

आता वाळपईच्या मुलाचे चित्र घेऊ. गोल निर्वात पात्र, मध्ये तारेची जाळी, जाळीला ३० हजार व्होल्टचा ऋण विद्युत दाब, आत विरळ ड्यूटेरियम वायू आणि जाळीभोवती चुंबकांची कडी. यातले चुंबक सोडले तर हे फार्न्सवर्थचे ‘फ्यूजर’ यंत्र आहे. इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजन घडवणाऱ्या फायलो फार्न्सवर्थ यांनी ते १९६० च्या दशकात विकसित केले. त्यात ड्यूटेरियमचे संमीलन खरोखर होते आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. अमेरिकेत शाळकरी मुलांनीही असे फ्यूजर चालवले आहेत. तेव्हा ‘असे काही होऊच शकत नाही’ असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

अडचण तापमानाची नाही, हे मुलांना आवर्जून सांगायला हवे. ३० हजार व्होल्टमधून धावलेल्या आयनाची, म्हणजे विद्युतभारित अणूची, ऊर्जा सुमारे ३५ कोटी अंश तापमानाइतकी असते. सूर्याच्या गाभ्यात तर दीड कोटी अंशच असतात! एवढे सोपे असताना जग अडले कुठे, असे मुलाला वाटणारच. उत्तर साध्या गुणाकारात आहे. ३० हजार व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर म्हणजे ३०० वॅट वीज आत गेली. चांगल्या हौशी फ्यूजरमधून सेकंदाला समजा १० लाख न्यूट्रॉन निघाले. ड्यूटेरियमच्या साधारण दर दोन संमीलनांमागे एक न्यूट्रॉन मिळतो, म्हणजे संमीलने २० लाख. प्रत्येकाची सरासरी ऊर्जा ३.६५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक). गुणाकार केला की वॅटचा जेमतेम दहा लाखावा भाग हाती येतो. आत ३०० वॅट, बाहेर एक मायक्रोवॅट.

हे का घडते ते साखारोव यांच्या आक्षेपापासूनच सुरू होते. आयन जाळीवर आदळतात, जाळी तापून लाल होते, ऊर्जा तिथेच संपते. मुलाने चुंबकांची कडी याचसाठी लावली असावी आणि ही सूचना खरोखर चांगली आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बुसार्ड यांनी अमेरिकी नौदलाच्या पैशावर वर्षानुवर्षे याच दिशेने काम केले. त्यांच्या ‘पॉलिवेल’मध्ये जाळीच्या जागी चुंबकीय वेटोळी होती. पण जाळी काढली तरी दुसरे नुकसान राहतेच. दोन केंद्रके समोरासमोर आली तर एकत्र येण्यापेक्षा एकमेकांना ढकलून भलत्या दिशेला जाण्याचीच शक्यता कितीतरी जास्त असते. रांगेत धावणारे आयन थोड्याच वेळात विस्कळीत होतात आणि त्यांना पुन्हा रांगेत आणायला लागणारी ऊर्जा संमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक पडते. टॉड रायडर यांनी १९९५ साली एमआयटीतील प्रबंधात याचे सविस्तर गणित मांडले. चुंबकांची कडी त्यातून कशी सुटते, हे त्या मुलाने दाखवायचे आहे.

न्यूट्रॉन दिसले की जिंकलो, असेही नसते. १९५८ साली इंग्लंडमधील हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्राने संमीलन साधल्याची घोषणा झाली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली, कारण ते न्यूट्रॉन तप्त प्लाझ्मातून नव्हे, तर त्यातील अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या आयनांपासून आले होते. उलट १९६८ साली रशियनांनी टी-३ टोकामॅकचे मोठे तापमान सांगितले तेव्हा पश्चिमेत शंका होती. १९६९ मध्ये ऐन शीतयुद्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ आपली लेसर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले, त्यांनी स्वतः मोजले आणि तापमान खरे निघाले. त्यानंतर सारे जग टोकामॅककडे वळले.

स्वस्त विजेची आशा मात्र मी मुलांना दाखवणार नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत दोन दशकांत नियंत्रित संमीलन साधेल असे भाकीत केले होते, आणि त्यांच्याइतका जाणता माणूसही तिथे चुकला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाली, हे मोठेच यश. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली. फ्रान्समधील ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅक प्रकल्पात भारत भागीदार आहे, त्याचा प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला थंड ठेवणारे निर्वात कवच, आपल्या देशाने पुरवला, तरी ड्यूटेरियम आणि त्याहून जड हायड्रोजन ट्रिटियम यांचे प्रयोग २०३९ च्या सुमारास सुरू होतील असे आताचे वेळापत्रक सांगते. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते आणि पुढची कित्येक वर्षे तशीच येत राहील.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्या मुलाने जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मिळवल्याचे लिहिले आहे. त्याला हात लावू नये. तो ट्रान्सफॉर्मर एका स्पर्शात जीव घेतो. त्याहून वरचा दाब निर्माण केला तर पात्राच्या काचेच्या खिडकीतून क्ष-किरण बाहेर येतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. किरणोत्सर्ग निर्माण करणाऱ्या उपकरणांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, ड्यूटेरियमवरही कायद्याचे नियंत्रण आहे. घराच्या माडीवर हे करायचे नसते.

मग करायचे कुठे? फर्मागुढीला आयआयटी आहे, झुआरीनगरला बिट्स, ताळगाव पठारावर विद्यापीठ, मिरामारला विज्ञान केंद्र. वेर्णेच्या औषध कारखान्यांत निर्वात पंप रोज हाताळणारे तंत्रज्ञ आहेत, त्यांच्या अनुभवाचा या कामात मोठा उपयोग होईल. यांपैकी एखाद्या संस्थेने महिन्यातून एक शनिवार दुपार हौशी मंडळींच्या कल्पना तपासायला द्यावी, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. काचेच्या नळीत विरळ हवेचा निळसर-जांभळा प्लाझ्मा पेटवणे, हवेचा दाब बदलला की कोणत्या व्होल्टला तो पेटतो ते नोंदवणे, लँगम्यूर प्रोब, म्हणजे मोजणीची बारीक तार, घालून त्याची घनता आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान काढणे एवढे शिक्षकाच्या देखरेखीखाली जमते. ज्याला पुढे जायचे आहे त्याला गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेची वाट दाखवावी. तिथला ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ साली सुरू झाला.

त्या विद्यार्थ्याने आपल्या चित्राशेजारी तीन आकडे लिहून पाठवावेत : आतल्या वायूची घनता किती, आयनांची ऊर्जा किती आणि ती किती काळ टिकेल. भौतिकशास्त्रज्ञ जॉन लॉसन यांनी १९५५ मध्ये दाखवल्याप्रमाणे या तिघांचा एकत्र विचार केल्यावाचून भट्टी चालते की नाही ते ठरत नाही. त्याच्या पत्रात ऊर्जेचा अंदाज आहे, बाकी दोन नाहीत. आकडे आले की मी ते तपासून सविस्तर लिहून कळवीन. माझा पत्ता कार्यालयाने त्याला द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
फोंडा