खुले पत्र : आठचा डोस, नऊची खिडकी

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझी मुलगी आठ महिन्यांची, वजन ५ किलो. हृदयाला छिद्र आहे. वजन वाढलं की ऑपरेशन, तोवर डिजॉक्सिन, म्हणजे हृदयाला जोर देणारं औषध. सकाळी आठला अर्धा मिली, रात्री आठला अर्धा मिली. ड्रॉपर उजेडाकडे धरून बघावा लागतो, कारण हे औषध कमी पडलं तर पोरीला धाप लागते आणि जास्त झालं तर उलट्या होतात, ठोके मंदावतात. सोबत लघवीचं औषध आहे, त्याने रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर नेहमीचाच डोस अंगावर येतो. म्हणून रक्तातली डिजॉक्सिनची पातळी बघायची. ती साधारण ०.८ ते २ नॅनोग्रॅम हवी, एका मिलीमागे.

गेल्या महिन्यात ती ओकायला लागली, म्हणून एका सरकारी रुग्णालयात रक्त दिलं. साडेनऊला काढलं. नस सापडेना, तीनदा टोचलं. रिपोर्ट आला ३.१. बायको तिथल्या बाकावर मटकन बसली. डॉक्टरांनी एकच विचारलं, डोस कधी दिला होता? आठला. मग हा आकडा धरायचाच नाही म्हणाले. डोसनंतर निदान सहा तास जायला हवेत, त्याआधी आकडा फुगलेलाच येतो. हे रक्त काढताना कुणी विचारलं नाही. फॉर्मवर त्याचा रकानाच नाही. बापाचं नाव, जात, रेशनकार्डाचा रंग, सगळ्याला रकाना आहे.

तक्रार केली. एका अधिकाऱ्यांनी चहा पाजून सांगितलं, पंधरा दिवसांत सोय होईल.

काल सतरावा दिवस. सकाळचा डोस मुद्दाम थांबवून धायरीहून निघालो. सिंहगड रोडवर पाऊण तास गेला. खिडकी नऊला उघडते म्हणे, उघडली साडेनऊला. पोरगी भुकेने नाही, धापेने रडत होती. पावणेबाराला नंबर आला आणि आतून आवाज आला, तपासणीचं किट संपलंय, बाहेर करा. काचेवर पाटी होती : 'चौकशी करू नये.' पुण्यात आहोत, पाट्यांचं वाईट वाटत नाही. पण सकाळचा डोस बाराला गेला त्याचं काय?

बाहेरच्या लॅबवाल्याने रक्त मुंबईला पाठवलं, रिपोर्ट तीन दिवसांनी. आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या, की बारा, आणि चार-साडेचार हजार गेले. हिशेब चुकला असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करावा, त्यांच्याकडे वेळ आहे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. पोरांच्या हृदयातली छिद्रं शोधता, ऑपरेशन मोफत म्हणता. उत्तम! ऑपरेशनपर्यंत पोर जगवायचं खातं कुठलं, तेवढं कळवा. वाढदिवसाचे फ्लेक्स एका रात्रीत लागतात, किट यायला टेंडर लागतं.

मागणं एवढंच. किट असू द्या, लहान मुलांचं रक्त सकाळी डोसच्या आधी घ्या आणि फॉर्मवर एक रकाना वाढवा : शेवटचा डोस किती वाजता. त्याला कॅबिनेट लागत नसावी.

ठोके शंभराच्या खाली गेले तर डोस न देता फोन करायला सांगितलंय. आत्ता रात्रीचे पावणेआठ. मी पोरीच्या छातीवर कान ठेवून पूर्ण मिनिट मोजले. १०४. पुन्हा मोजले, १०१. मुंबईचा रिपोर्ट परवा येणार आहे.

एक बाप
धायरी, पुणे