पेअरिंगच्या प्रकल्पात वक्र जपून निवडा

महोदय,

नागपुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पेअरिंगवर (इलिप्टिक वक्रावरील दोन बिंदूंपासून एक संख्या काढणाऱ्या गणिती क्रियेवर) आधारित डिजिटल सहीचा प्रकल्प घेतल्यास त्यासाठी जुना बीएन२५४ नावाचा वक्र टाळावा. २०१६च्या किम-बार्बुलेस्कू हल्ल्यानंतर (या दोन संशोधकांनी दाखवलेल्या फोडण्याच्या वेगवान पद्धतीनंतर) त्याची सुरक्षा, म्हणजे तो फोडायला लागणाऱ्या गणनेचे माप, १२८ बिटांवरून सुमारे १०० वर आली. त्याऐवजी बीएलएस१२-३८१ हा वक्र घ्यावा. त्यात सही छोटी ठेवणाऱ्या मांडणीत सही ४८ बाइटची, सार्वजनिक किल्ली ९६ बाइटची. शेकडो सह्यांची बेरीज केली तरी ४८ बाइटच, हे या पद्धतीचे खरे बळ.

घातही इथेच होतो. खासगी किल्ली जवळ असल्याचा पुरावा प्रत्येकाकडून घेतला नाही, तर एखादा लबाड सभासद स्वतःच्या किल्लीतून इतरांच्या किल्ल्या वजा करून तीच नोंदवतो आणि सर्वांच्या वतीने एकटाच सही करतो. सही किंवा किल्ली म्हणून आलेला वक्रावरचा बिंदू योग्य उपगटातला (सहीसाठी ठरलेल्या बिंदूंच्या संचातला) आहे का, ही तपासणीही वेळ वाचवण्यासाठी कृपया गाळू नये.

– एक संगणक अभियंता, धरमपेठ, नागपूर