प्लेअरला स्वतःचा गळा नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकावरून संगीत ऐकण्यासाठी कोणता म्युझिक प्लेअर घ्यावा, ही चर्चा निघाली की अमक्याचा आवाज गोड आणि तमक्याचा कोरडा, अशा शब्दांत ती रंगते. फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणापर्यंत, पोहोचवणे, ज्याला जाणकार 'बिट-परफेक्ट' म्हणतात, हे प्लेअरचे पहिले काम आहे. आणि ते चोख करणाऱ्या दोन प्लेअरच्या आवाजात फरक उरण्याचे कारण नाही, मग त्यांतला एक फुकटचा असो वा महागडा.

माझ्या डॅकवर सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने आहेत तो आकडा, दाखवणारी एक बारीक पट्टी आहे. सीडीवरून उतरवलेल्या, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइल वाजत असूनही तिच्यावर कित्येक महिने ४८ हा आकडा होता, आणि माझे तिकडे लक्षच नव्हते. विंडोजचा मिक्सर सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करताना त्यांना ठरलेल्या एकाच रेटवर आणतो, तसे ते होत होते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आउटपुटसाठी 'वासापी एक्सक्लुझिव्ह', म्हणजे मिक्सरला वगळून डॅक एकट्या प्लेअरच्या ताब्यात देणारा पर्याय, निवडताच पट्टीवर ४४.१ उमटले. त्यामुळे आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडला, असे मात्र मला म्हणवत नाही. ऐन रंगात येणारी ईमेलची टिंगटिंग थांबली, हा लाभ नक्की जाणवला.

कानाला खरोखर कळणारे फरक वेगळेच असतात. सलग मैफलीचे ध्वनिमुद्रण अनेक ट्रॅकमध्ये तोडलेले असते, तेव्हा सांध्यावर क्षणभर शांतता पसरवणारा प्लेअर कितीही देखणा असला तरी मी तो काढून टाकतो. जुन्या आणि नव्या अल्बमच्या आवाजाची पातळी जुळवणारी 'रिप्लेगेन' सोय असावी, आणि तिच्यात अल्बमनिहाय पर्याय असावा, कारण ट्रॅकनिहाय जुळवणीत मुद्दाम हळुवार ठेवलेला भागही शेजारच्या भागाइतकाच मोठा होऊन बसतो.

फाइलच्या प्रकाराची फारशी चिंता नको. २००१ पासून मोफत असलेला फ्लॅक काहीही न गमावता आकार बराच कमी करतो, आणि बहुतेक चांगले प्लेअर तो वाजवतात. मात्र कलाकार, वर्ष वगैरे टॅग फाइलमध्येच लिहिले जातात की प्लेअरच्या खासगी डेटाबेसमध्ये, हे आधीच पाहावे. अन्यथा प्लेअर बदलल्यावर अनेक रात्री जागून लावलेली सूची पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मी स्वतः २००२ पासून उपलब्ध असलेल्या, दिसायला अगदी रुक्ष अशा फूबार २००० वर स्थिरावलो, ते याच कारणांनी.

पैसे मोजण्यापूर्वी बहुतेक प्लेअर काही दिवस वापरून पाहता येतात. त्या दिवसांत आपल्या अंगवळणी पडलेल्या मैफलीचे दोन सलग ट्रॅक लावावेत, डोळे मिटावेत आणि सांधा कुठे आला ते ओळखून पाहावे.

आपला,
एक श्रोता