मी बाहेर बाकावर बसेन

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू ऐरोलीला पोचल्याचा मेसेज आईला आला. दुपारी ताटावरून उठलास, ते माझ्यामुळे. "डॉक्टरने मान वर करून बघितलंसुद्धा नाही, बाबा. तीन मिनिटांत चिठ्ठी हातात," असं तू सांगत होतास, आणि मी म्हणालो, "गोळ्या दिल्यात ना, मग घे मुकाट्याने." चुकलं माझं.

पुन्हा डॉक्टरकडे जाणार का, हे विचारणार नाही असं आईला कबूल केलंय.

वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा तू दुसरीत होतास. पहाटे तीनला जाग यायची, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. सांगितलं काय, तर ॲसिडिटी होते, पाठ धरते. रडू येतं हे ओठांपर्यंत आलं होतं; पण बाहेर बाकावर ओळखीचे चार जण आणि मध्ये नुसता पडदा. डॉक्टर म्हणाले, "पुरुषासारखे पुरुष तुम्ही, टेन्शन कसलं घेता?" बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. पुढची नऊ वर्षं मी कुणापुढे तोंड उघडलं नाही. घरी मात्र खेकसत राहिलो. सायकलचा तो दिवस तू विसरला नसशील, मीही नाही.

मग बीपीसाठी गेलो तिथल्या डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "झोप कशी लागते?" अर्धा तास बोललो मी. गोळ्या त्यांनीही दिल्या, पण समजावून दिल्या. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळेल, मनाने बंद करायच्या नाहीत. तुला हे कुणी सांगितलंच नाही. आठव्या दिवशी सोडल्यास, यात तुझा काय दोष?

डॉक्टर बदल रे, पण उपचार सोडू नकोस. नव्या डॉक्टरांना पाठदुखी नंतर सांग, आधी झोपेचं आणि चिडचिडीचं सांग. ऑफिसात कळेल म्हणतोस, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. रात्री-अपरात्री 14416 लाव. टेलि-मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. बघ, लागलो पुन्हा भाषण द्यायला. रागावू नकोस.

इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं. लहानपणी आम्ही कुणालाही चिडवायचो, "याला तिकडे भरती करा." त्याच गावात नानाला उपचाराला न्यायची वेळ आली तेव्हा आजोबा म्हणाले, लोक काय म्हणतील. नानाचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. 2022 साली देशात 1 लाख 70 हजारांवर लोकांनी आत्महत्या केल्या, दहांतले सात पुरुष. तो पेपर मी आईच्या हाती लागू दिला नाही.

तुला वाटत असेल, बाबांना मी कमकुवत वाटतो. अरे, मला नऊ वर्षं जमलं नाही ते तू तिशीत केलंस. आपण होऊन गेलास, पडद्याआड खरं बोललास. समोरच्याने ऐकलं नाही, हा त्याचा कमीपणा.

जाशील ना पुन्हा?

बुधवारी मी ट्रान्स-हार्बर लोकलने येतो. आत येणार नाही, काही विचारणार नाही. बाहेर बाकावर बसेन. आई अळूवड्या देणार आहे.

तुझा,
बाबा