बेडका वेळेत पोचवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यात क्षयाच्या तपासणीसाठी बेडक्याचे नमुने पोचवण्याचे मंडळाचे हे काम उभे राहिले ते आपल्याच माणसांच्या बळावर. पहिली शीतपेटी देणारे बाजारातले औषधविक्रेते, पहाटेच्या फेरीत दुधाच्या कॅनशेजारी नमुन्यांची पेटी सांभाळून नेणारे दूधवाले, शिमग्याच्या मेळात मिळालेले पैसे न मागता आणून देणारी रोमटाची मुले, या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही. त्याच गावात चवथीची वर्गणी एका संध्याकाळी जमते आणि आमची पावतीपुस्तके मात्र कोरी परत येतात, याचे वाईट वाटते. ते बाजूला ठेवून पुन्हा दारात आलो आहोत, कारण अडचण मोठी आहे.

एचआयव्ही, मूत्रपिंड-रोपण, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाचा क्षय लपून बसतो. शरीर जोराने लढते म्हणून फुप्फुसात पोकळी पडते. लढाच मंद असला की पोकळी नाही, बेडक्यात जंतू थोडे, एक्स-रे कधीकधी स्वच्छ, मॅन्टूची, म्हणजे क्षयासाठी हातावर टोचून करतात त्या चाचणीची, गाठही उठत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये 5,000 ते 10,000 तरी लागतात. म्हणून अशा रुग्णाचा ‘निगेटिव्ह’ कागद म्हणजे क्षय नाही, असे धरून चालत नाही. एचआयव्ही असलेल्याने तर खोकल्याचे दोन आठवडे मोजत बसू नये. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटते वजन यांतले एकही पुरे.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही जंतूंची जनुके शोधणारी यंत्रे कमी जंतूही पकडतात. ट्रूनॅट तर आपल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, याचा गोंयकारांना अभिमान हवा. पण यंत्राला नमुना चांगला लागतो, आणि घोळ तिथेच होतो. फेसाळ थुंकी चालत नाही. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरावी, उघड्यावर उभे राहून दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि छातीतून खाकरून 2 ते 5 मिलिलिटर घट्ट बेडका काढावा. झाकण पक्के आवळावे. नाव डब्याच्या अंगावर लिहावे, झाकणावर नको, कारण झाकणे बदलतात. शनिवारचा डबा सोमवारपर्यंत उन्हात राहिला, की इतर जंतू माजतात आणि कल्चर, म्हणजे क्षयाचे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, वाया जाते.

बेडका येतच नसेल, तर इस्पितळात खारट पाण्याची वाफ देऊन काढतात. क्षयाच्या संशयाने मानेतली गाठ काढली, तर एक तुकडा सलाइनमध्ये पाठवायला डॉक्टरांना आठवण करा. सगळा फॉर्मेलिनमध्ये गेला की जंतू मरतात, कल्चर होत नाही. एचआयव्हीत सीडी-4 (रक्तातल्या संरक्षक पेशींची मोजणी) 200 च्या खाली असेल, तर लघवीत क्षयजंतूंचा अंश शोधणारी लॅम पट्टी 25 मिनिटांत उत्तर देते. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून शोध थांबवू नये.

सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. अडते ते नेण्या-आणण्यात. हवे आहे: आठवड्यातून एक सकाळ दुचाकीसह देणारे स्वयंसेवक, झाकण घट्ट बसणाऱ्या शीतपेट्या, बर्फाच्या पिशव्या, पेट्रोल आणि दुसऱ्या तपासणीला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाणाऱ्यांच्या कदंब बसच्या तिकिटाचे पैसे. डब्यावरचे नाव वाचून गावात बोलणारा स्वयंसेवक नको, हे स्पष्ट लिहितो. देणगी शनिवारी 5 ते 7, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, खजिनदारांकडे. पावती घ्यावीच. शीतपेट्या पावसाआधी मिळाव्यात.

आपला,
चिटणीस