बाबा, मी धोपट मार्ग सोडला

इंदूर, मंगळवार रात्र

ती. बाबा आणि आई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर काय होतं, बाबांना अर्धंच ऐकू येतं, उरलेलं आई आपल्या मनाने सांगते, आणि दोन दिवसांनी मावशीचा मला फोन येतो तेव्हा तिसरीच गोष्ट झालेली असते. म्हणून लिहूनच सांगते. बाबा, तुम्ही स्वतः वाचा, आईकडून ऐकू नका.

आधी कबुली. शनिवारी मी आणि मंजू महेश्वरला कविसंमेलनाला गेलो ते कारने नाही, स्कूटीने. मंजूची कार ऐन वेळी गॅरेजमध्ये पडली, आणि महिनाभर ठरवलेलं कॅन्सल करायचं जिवावर आलं. आई, ओरडू नकोस, हेल्मेट दोघींनी घातलं होतं. आणि हायवेने ट्रकांच्या मधून जायला नको म्हणून महूवरून जाम गेटच्या घाटाने उतरलो. तो दरवाजा अहिल्याबाईंनी बांधलेला, 1791 चा. माळवा तिथे संपतो आणि खाली एकदम निमाड दिसतं, म्हणजे दिसायला हवं, आम्हाला फक्त धुकं दिसलं. तिथे टपरीवर चहा घेतला तर हात इतके गारठले होते की ग्लास धरलाय का नाही तेच कळेना. पुढच्या वळणांवर मंजू मागे बसून रामरक्षा म्हणत होती, आणि मला मात्र सारखा बाबांचा तो फटका आठवत होता, 'धोपट मार्गा सोडू नको', जो तुम्ही मला सायन्स सोडताना ऐकवलात, इंदूरला नोकरी घेतानाही ऐकवलात.

आता गंमत बघा. तो फटका लिहिणारा अनंत फंदी, संगमनेरचा शाहीर, तो या महेश्वरलाच आला होता, अहिल्याबाईंच्या दरबारात! म्हणजे संगमनेरहून, त्या काळात, डोंगर-जंगल तुडवत. धोपट मार्ग म्हणे. आणि बाईंनी त्याला समजावलं की ही लावणी-तमाशा सोड, कीर्तन कर, आणि त्याने ऐकलं असं सांगतात. आई म्हणेल बाईंनी बरोबर केलं. मला वाटतं लावण्या गेल्या हे आपलं नुकसानच झालं, पण ते असो.

संमेलन नर्मदेच्या घाटाजवळच होतं, मांडव घालून. दीड तास उशिरा सुरू झालं, मग सत्कार, मग हार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. कविता हिंदी, निमाडी, चार-पाच मराठी पण. हिंदीतले दोघं नुसते ओरडत होते, ते सोडून देते. निमाडी ऐकायला फार गोड, 'हऊं', 'छे' असं कानावर येतं तर वाटतं कोणीतरी गुजराती बोलतंय, पण मधेच अख्खी ओळ कळून जाते.

ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते आता. दुपारी एक म्हातारे मास्तर आले, ऐंशीच्या घरातले, धोतर, वर स्वेटर. कानामागे मशीन, तुमच्यासारखंच, नारिंगी स्टिकरच्या सेलवालं. माइकजवळ गेले आणि मशीन अशी शिट्टी मारायला लागलं की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मास्तरांनाच काही पत्ता नाही, लोक असं का करतायत म्हणून बघत राहिले. शेवटी पुढच्या खुर्चीवरून त्यांची बायको उठली, स्टेजवर चढली, त्यांच्या कानामागचं मशीन काढलं आणि आपल्या रुमालात बांधून परत जागेवर जाऊन बसली. मग त्यांनी कविता म्हटली. विषय काय, तर बहिरा माणूस प्रत्येक गोष्टीला 'हो हो' म्हणतो. सून विचारते चहा घेता का, हो हो. मुलगा विचारतो शेत विकू का, हो हो. लोक हसून लोळत होते, बायको सगळ्यात जास्त. मी पण हसले, आणि शेताच्या ओळीला एकदम हसू थांबलं. दिवाळीत मी तुम्हाला विचारलं होतं ना, बाबा, डॉक्टरकडे परत जायचं का, तर तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि पेपर उलटलात.

कविता संपल्यावर बायकोने रुमाल सोडला, मशीन परत लावलं आणि मास्तरांनी विचारलं, टाळ्या झाल्या का?

बाकी ठीक. रात्री ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, तिखट असं की मंजूने दोन तांबे पाणी संपवलं. आई, तुला साडी घेतलीय, ताणा रेशमी, बाणा सुती, काठ दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटी-सुलटी कशीही नेस. रंग तुझ्या त्या जुन्या हिरवीसारखा नाहीये, आधीच सांगते. येताना हायवेनेच आलो, मानपूरवरून, धोपट मार्गाने, आणि ट्रकांनी जीव घेतला.

साडीच्या पाकिटात सेलची दोन पाकिटं घातलीयत, नारिंगी, 13 नंबर. आई, स्टिकर काढल्यावर सेल लगेच मशीनमध्ये टाकायचा नाही, मिनिट-दोन मिनिटं हवा लागू द्यायची, गेल्या वेळी तेच चुकलं होतं आणि मग बाबांनी मशीन ड्रॉवरमध्ये टाकलं. रविवारी सकाळी दहाला फोन करते. बाबांनी स्वतः उचलायचा.

तुमची,
बेबी