पोच

वाई,
मंगळवार, दुपार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, तरी मी मेली 'हॅलो हॅलो' करत बसले. बाबांना सांगितलं, रेंज गेली. त्यांनी नुसतं पेपरचं पान उलटलं. नऊशे वर्षांपूर्वी मेलेल्या बायकांची तुला पडलीय, जिवंत आईची नाही, असं मी बोलायला नको होतं. पण त्याआधी चार वाक्यांत तू तीनदा खोकलीस. मी ते मोजत होते. पुढचं काय बोलले त्याला मग धरबंद राहिला नाही.

खोकल्याचं या पत्रात काढायचं नाही, असं ठरवून बसलेय.

तुला वाटतं, मी तुझ्या प्रबंधाचं प्रकरण उघडूनही बघितलं नाही. श्रीकडून छापून आणलं महिन्यापूर्वीच. माझं इंग्रजी काउंटरपुरतं, पण रोज दुपारी भांडी आवरली की दोन पानं, असं करत संपवलं. तुझी मटिल्डा राणी मला कळली. 1066 साली नवरा, विल्यम, इंग्लंड घ्यायला निघाला, तर हिनं त्याला 'मोरा' नावाचं जहाज करून दिलं आणि मागे नॉर्मंडीचा कारभार हाकला. त्याच वर्षी जूनमध्ये पोटची पोर, सेसिलिया, काँच्या मठाला देऊन टाकली! तिथे मी चष्मा काढून ठेवला. रात्री झोपताना सुचलं, मठ तिनंच बांधलेला. तिचं येणंजाणं होतंच. पोर आजारी पडली तर निरोप यायला कितीसा वेळ लागत असेल? (तुझ्या त्या फ्रान्समधल्या गावाच्या नावात इंग्रजी अक्षरं चार आणि म्हणायचं नुसतं काँ. पार्सलवर तरी सगळी लिहिली आहेत.)

रॉबर्टची गोष्ट मात्र दोनदा वाचली. थोरला मुलगा बापाशी भांडून घराबाहेर पडला आणि आईनं नवऱ्याच्या नकळत त्याला सोनं-चांदी पाठवली. विल्यमला कळलं. माझ्याच पैशानं माझ्या वैऱ्याला पोसतेस, म्हणाला. तर ही म्हणते, माझा रॉबर्ट सात फूट जमिनीखाली असता आणि माझ्या रक्तानं उठणार असता, तर तेही दिलं असतं. हे त्या काळच्या ऑर्डेरिक नावाच्या भिक्षूनं लिहिलंय आणि भिक्षू लोक बायकांच्या तोंडी काय काय घालतात ते तू पुढच्याच पानावर सांगितलंयस. असेना. हे वाक्य कुठल्याही आईच्या तोंडी घातलं तरी बसेल.

माझं लक्ष सॅमसनवर गेलं. राणीचा जासूद, म्हणजे आमच्याच टपालखात्यातला. राजानं त्याचे डोळे काढायचा हुकूम दिला, राणीच्या माणसांनी त्याला सावध केलं आणि तो सेंट-एव्हरूच्या मठात पळाला. 26 वर्षं तिथे भिक्षू म्हणून राहिला. ऑर्डेरिकही त्याच मठातला. मग त्यानं ही हकिकत सॅमसनच्याच तोंडून ऐकली असेल की नाही? हे तू लिहिलेलं नाहीस. बघ, घालता आलं तर.

आमच्याकडे डोंगरापलीकडून एक बाई यायची, बाजाराच्या एस्टीनं. कमरेच्या पिशवीतून नोटा काढायची, घामानं मऊ झालेल्या. मुंबईच्या मुलाला मनीऑर्डर. फॉर्म मी भरायची. संदेशाच्या जागी काय लिहू, विचारलं की म्हणायची, "काय नको. जेवतो का, येवढंच." आणि दरवेळी वर, "पोच घरी धाडू नगा. मालक बघंल. हितंच ठिवा." नियमात बसत नव्हतं, तरी मी ती पोच ड्रॉवरमध्ये ठेवायची. पुढच्या बाजाराला ती यायची, मुलाची सही बोटानं चाचपायची आणि परत माझ्याकडे द्यायची. घरी नेलीन नाही एकदाही. तुझ्या राण्या दस्तावर सहीऐवजी फुली काढायच्या, राजाही फुलीच काढायचा, हे वाचताना मला तिचा अंगठा आठवला. शाईचं पॅड मी पुढे करायची, तर आधी पदराला बोट पुसायची.

मटिल्डाची लेक आदेला मला आवडली नाही, आधीच सांगते. धर्मयुद्धावर गेलेला नवरा अँटिओकहून पत्र लिहितो की निघताना तू दिलेलं सोनं-नाणं आता दुप्पट झालंय. कौतुकानं लिहितो गं! पुढे तो वेढ्यातून पळून घरी आला, तर हिनं त्याला परत धाडला, आणि 1102 मध्ये रामल्याला मेला. राज्य चालवलं असेल तिनं उत्तम. तरी घरी आलेलं माणूस परत पाठवतात का?

तुला वाटेल, आई फिरून तिथंच आली. आलेच. पास होऊन, नोकरी सोडून, स्वतःच्या हिमतीवर गेलीस. शेजारच्या काकूंना मी तुझ्या गावाचं नाव नाकात म्हणून दाखवते. पण रात्री दोनला छाती भरून आली तर दार कोण उघडणार तुझं? दादामामाचंही साध्या खोकल्यावरच सुरू झालं होतं. एक्स-रे काढ. ओल्या केसांनी झोपू नकोस. ते गार दूध-पोहे बंद कर, आणि लायब्ररीत दिवसभर ती... राहू दे. झालं भाषण सुरू. चुकले.

ऑर्डेरिक 10 वर्षांचा असताना बापानं त्याला इंग्लंडहून तिकडे पाठवला. दोघंही रडत होते. म्हातारपणी लिहितो, पुन्हा बापाचं तोंड दिसलं नाही, आणि तिथे पोचल्यावर भाषेतलं अवाक्षर कळेना. हे पान मी टीव्हीवर ठेवलं होतं, मुद्दाम. दोन दिवसांनी घडी पडलेली दिसली.

आणखी एक. श्रीमार्फत तुला पैसे पाठवते ते बाबांना ठाऊक नाही, असं मी समजत होते. काल पासबुक बघितलं. भरून तेच आणतात. श्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीची बारीक टिक आहे, दिवाळीपासूनच्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मीही बोलणार नाही. तूही एवढ्यात फोनवर काढू नकोस. आधी आपणहून 'बाबांना द्या' म्हण, पुढचं बघू.

पार्सलमध्ये मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि ज्येष्ठमध आहे. ज्येष्ठमधाची काडी नुसती दाढेत धरायची, चावायची नाही. अडुळसा पातळ म्हणून घेतला नाही त्यांनी.

मिळालं की पोच कळव. अजून रागात असशील तर बोलू नकोस, नुसती एक फुली पाठव.

तुझी,
आई